सूर्यफुलाच्या बिया

गुरुवार, रात्री साडेअकरा

आज सकाळी वाशी लोकलमध्ये मी एका माणसाच्या मरणावर खदखदून हसलो.

ऑफिसातल्या मित्राने मोबाइल पुढे केला. युक्रेनमधला ड्रोनचा व्हिडिओ. खंदकात अंग चोरून बसलेला एक रशियन सैनिक. वरून काहीतरी पडतं, तो ते उचलून बाहेर भिरकावतो, हुश्श म्हणतो न म्हणतो तोच दुसरं पडतं. कुणीतरी त्याला सर्कशीचं म्युझिक लावलेलं. ‘जा अजून दुसऱ्याच्या घरात,’ मित्र म्हणाला आणि आम्ही दोघं फुटलो. खोटं कशाला लिहू, मजा आली. दिघा गाव जाईपर्यंत तरी आली.

चूक कुणाची, याबद्दल मला शंका नाही. 24 फेब्रुवारी 2022 ला त्या देशात रणगाडे घुसले, ते कुणी बोलावले म्हणून नव्हे. त्याच सप्टेंबरात पुतिननी तीन लाख राखीव लोकांना बोलावण्याचा हुकूम काढला, त्यातले कित्येक नाइलाजाने गेले असतील. मान्य. पण परक्याच्या शेतात खंदक खणून बसलास, तर शेतवाला तुला पाहुणा म्हणणार नाही. ‘हुकूम होता’ एवढ्याने हात धुतले जात नाहीत.

मग दिवसभर खुपत काय होतं?

युक्रेनमधल्या हेनिचेस्क गावातली एक बाई आठवली. आक्रमणाच्या पहिल्याच दिवशी ती बंदूकवाल्या सैनिकासमोर उभी राहून सांगते, या बिया खिशात ठेव, म्हणजे इथे मातीत जाशील तेव्हा निदान सूर्यफुलं तरी उगवतील. केवढा काळाकुट्ट विनोद! आपल्याकडच्या आज्यांचा तळतळाट असाच असतो, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा. पण तिच्यासमोर तो हत्यार घेऊन उभा होता. गोळी खायची तयारी ठेवून ती बोलली. माझं त्या युद्धाने काय वाकडं केलं? त्या वर्षी सूर्यफुलाचं तेल महागलं, कारण आपण ते मुख्यतः तिकडूनच आणायचो. महिनाभर घरी भजी कमी झाली. एवढ्या भांडवलावर मी तिचा विनोद माझाच असल्यासारखा हसत होतो. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय.

परतताना कोर्ट नाक्याकडून जेलच्या भिंतीकडेने चालत आलो. जेल म्हणजे आपला ठाण्याचा किल्लाच. डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी तो वेढला, तेव्हा त्यांचा आरमारी अधिकारी, कमोडोर जॉन वॉटसन, प्राणघातक जखमी झाला. तटावरच्या मराठ्यांपैकी कुणीतरी त्यावर एक सणसणीत शिवी हासडलीच असणार, आणि हासडली असेल तर मी आजही त्याच्या बाजूचा. पण 28 तारखेला किल्ला पडला आणि आतली बहुतेक शिबंदी कापली गेली. म्हणजे तोही गेलाच असेल. हसणं आणि मरणं, दोन्ही त्याच तटावर. मला लोकलमध्ये बसायला जागा होती.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायची टाळत होतो. जानेवारी 2025 मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं होतं: रशियन सैन्यात 126 भारतीय असल्याची माहिती, त्यातले 12 मेले, 16 बेपत्ता. काही जणांना एजंटांनी हेल्परची नोकरी म्हणून नेलं होतं. ड्रोनमधून खाली दिसतो तो नुसता हिरवट ठिपका. पासपोर्ट दिसत नाही. सकाळचा तो ठिपका आपल्याकडचा असता तर? खंदक तोच, शेतही त्याच परक्याचं. तरी मी हसलो नसतो. ‘बिचारा, फसवलं हो पोराला’ म्हटलं असतं. गुन्हा तसूभर बदलत नाही, आणि माझ्या तोंडून ‘बिचारा’ मात्र पासपोर्ट बघून निघतो. हे काही छान वाटलं नाही स्वतःबद्दल.

तरी त्या सैनिकासाठी डोळ्यांत पाणी आलं वगैरे नाही. उगाच साधूपणा नको. त्या बाईसमोर उभं राहून मी त्याची बाजू घेणार नाही. फक्त ते सर्कशीचं म्युझिक कुणी लावलं असेल, कुठे बसून, चहा पिता पिता की कसं, हे डोक्यातून जात नाही.

आत्ता बघतोय, मित्राने आणखी एक पाठवलाय. खाली ‘पार्ट टू’ आणि हसरे चेहरे. उघडलेला नाही. पण वायफायवर आपोआप डाउनलोड झालाय.