एस्पेरार : वाट, आशा आणि दोन ताटं

गेल्या डिसेंबरात स्पेनमधल्या सेव्हिया शहरात, आमच्या इमारतीच्या जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या. वय ऐंशीच्या पुढे, एकट्याच राहतात. नाताळाचा विषय निघाला तशा म्हणाल्या, "एस्पेरो के बेंगा मि इहो." त्यांचा मुलगा बार्सिलोनाला असतो.

एस्पेरार म्हणजे वाट पाहणं, हे मला पहिल्याच महिन्यात पाठ झालं होतं. सरकारी दवाखान्यात पाटी असते "साला दे एस्पेरा", म्हणजे आपला नंबर येईपर्यंत बसायची खोली. तिथे शिरताना "शेवटचं कोण?" असं विचारायचं आणि त्या माणसाच्या मागे आपला नंबर धरायचा. फोनवरची बाईसुद्धा "एस्पेरे" म्हणते. त्यामुळे मी सरळ अर्थ लावला: मुलगा येतोय, आजी वाट बघताहेत.

२४ तारखेला संध्याकाळी करंज्यांचा डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. टेबलावर दोन ताटं मांडलेली. "मुलगा कधी पोचला?" मी विचारलं. आजींनी डबा माझ्या हातून घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नाही आला गं. मी 'एस्पेरो के बेंगा' म्हणाले होते."

त्या रात्री दुसऱ्या ताटात मी जेवले. करंजी खाऊन त्यांना त्यांच्या आईचे पेस्तिन्योस आठवले. तळून मधात घोळवलेला इथला नाताळचा पदार्थ. मग जेवता जेवता त्यांनी मला ते क्रियापद पहिल्यापासून शिकवलं.

"एस्पेरो आ मि इहो" म्हणजे मी मुलाची वाट बघतेय. "एस्पेरो आ के बेंगा" म्हणजे तो येईपर्यंत मी थांबते. आणि मधला तो एवढासा "आ" काढला, नुसतं "एस्पेरो के बेंगा" म्हटलं, की वाट पाहणं संपतं आणि आशा उरते: तो यावा. मला अजून वाईट वाटतं ते याचं, की हे "यावा" मराठीत आहे. "तो येतोय" आणि "तो यावा" यांतला फरक आपल्याकडे लहान मुलालाही कळतो. "बेंगा" हा तोच "यावा" होता. मी शब्द ऐकला, त्याचं रूप ऐकलं नाही.

वाट, आशा, अपेक्षा. आपण तीन वेगळे शब्द ठेवलेत, स्पॅनिश माणूस एकातच भागवतो. "एरा दे एस्पेरार" म्हणजे हे होणारच होतं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आशा करणं असा, त्यामुळे वाट पाहण्याच्या तळाशी इथे आशाच आहे. बाई गरोदर असली की ती "एस्पेरा", आणि जुन्या वळणाची माणसं म्हणतात ती "बुएना एस्पेरान्सा"च्या अवस्थेत आहे, चांगल्या आशेच्या. केप ऑफ गुड होपच्या स्पॅनिश नावात हेच दोन शब्द आहेत.

आणि सेव्हियात तर एस्पेरान्सा ही माउलीच आहे, येशूची आई मारिया. माकारेना वस्तीतली एस्पेरान्सा आणि नदीपलीकडची त्रियानाची एस्पेरान्सा, दोघींचा दिवस १८ डिसेंबर. तोलेदोच्या धर्मसभेने ६५६ साली नाताळच्या आधीचा आठवा दिवस मारियेच्या सणासाठी ठरवला. बाळंतपणाला आठवडा उरलेल्या आईचा सण. त्या दिवशी माकारेनाच्या दर्शनाला लागलेली रांग पाहिली, तेव्हा पंढरपूरची दर्शनबारी आठवून माझा गळा भरून आला. रांगेतले सगळे एस्पेरार करत होते, आणि त्यातला कुठला अर्थ कुणाचा, हे बाहेरून सांगता आलं नसतं.

परवा, सेमाना सांताच्या, म्हणजे ईस्टरच्या पवित्र आठवड्याच्या आधी, आजी पुन्हा जिन्यात भेटल्या. हातात बाजाराची पिशवी. म्हणाल्या, "एल मिएर्कोलेस एस्पेरो आ मि इहो."

"आ" मला स्वच्छ ऐकू आला. मी विचारलं, "किती वाजताची गाडी?"

"रात्री नऊ. सांता हुस्ता स्टेशन. येशील माझ्याबरोबर?"