नऊ आठवड्यांचा प्रोग्रॅम संपला, त्यानंतर

'काउच टू फाइव्ह के' हा अजिबात न पळणाऱ्याला पाच किलोमीटरपर्यंत नेणारा कार्यक्रम करून पळायला शिकलेल्यांपैकी अनेकजण शेवटचा आठवडा झाला की काही दिवसांत पळणं सोडतात. माझ्या ओळखीतच असे चार-पाच जण आहेत, आणि मला ते फार लागतं, कारण खरी मजा त्याच्या पुढेच आहे.

जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये आखलेला हा कार्यक्रम नेमका आहे. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं. नवव्या आठवड्यात सलग अर्धा तास पळायचं. आज काय करायचं हे अ‍ॅप सांगतं, आपण फक्त बूट घालायचे. माझंही अ‍ॅप बंद झालं आणि उरला तो कोथरूडमधला तोच रस्ता, तोच वेग आणि पाच किलोमीटरला लागणारी तीच धाप. सहावा किलोमीटर काही केल्या जमेना.

तो जमवून दिला आमच्या सोसायटीतल्या काकांनी. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, सत्तरीला आलेत, अजून पळतात. म्हणाले, "रविवारी चल माझ्याबरोबर. अट एकच, वाटभर माझ्याशी बोलायचं." माझं वाक्य मध्येच तुटलं की काका वेग कमी करायचे. चढ आला की सरळ चालायचे. "काका, असं चालत चालत कसला स्टॅमिना वाढणार?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "अगं, बोलत राहा." घरी परतले तेव्हा आठ किलोमीटर झाले होते आणि दुपारी झोपावंसंही वाटलं नाही.

यामागे शास्त्र आहे. बोलता येईल अशा वेगाने पळत राहिलं की हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड तर ८०० मीटर धावणाऱ्यांनाही रविवारी डोंगराळ रस्त्यावर ३५ किलोमीटर पळायला लावत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हालबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दुपारी मिळवलं.

मग माझा आठवडा असा बसला: दोनदा छोटं, निवांत पळणं, रविवारी लाँग रन. रविवारचं अंतर हळूहळू वाढवायचं आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचं. हे कमी करणं कुणीही टाळू नये. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) सावकाश तयार होतात. नडगी दुखायला लागते ती बहुतेकदा याच घाईत.

कंटाळ्यावर मात्र दोन वेगळे उपाय लागले. एक फार्टलेक. स्वीडनच्या गोस्टा होल्मेर यांनी १९३० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत अगदी मोकळी आहे. पुढच्या विजेच्या खांबापर्यंत जोरात, मग श्वास बसेपर्यंत हळू, मग त्या पिवळ्या रिक्षापर्यंत जोरात. घड्याळाकडे बघायचंच नाही. ज्या रस्त्याला मी विटले होते, तोच रस्ता खेळायला पुरू लागला.

दुसरा उपाय म्हणजे वेताळ टेकडी. पुण्यात राहून टेकडीवर न पळणं मला आता समजतच नाही. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने वर चढलं की डांबर संपतं आणि मुरूम सुरू होतो. उन्हाळ्यात हा मुरूम पायाखालून सरकतो, म्हणून पावलं छोटी आणि झपझप टाकावी लागतात. नजर चार पावलं पुढे. पावसाळ्यात वाटेच्या कडेचं गवत घोट्यांना लागतं आणि खडकावर शेवाळ असतं, तिथे चाललेलंच बरं. फेब्रुवारीच्या सुमारास गिरिपुष्पाची झाडं गुलाबी होतात. खाणीच्या बाजूला पहाटे मोर ओरडतात. वेताळाच्या देवळापाशी पोचेपर्यंत पोटऱ्या भरून येतात, पण दोन-तीन महिने हे केल्यावर सपाट रस्त्यावर मला वेग न वाढवताच वेग आला. घोटेही बळकट झाले, कारण इथे एक पाऊल दुसऱ्यासारखं पडत नाही.

दहा किलोमीटरची एक स्पर्धा झाली, छान झाली. आता डोळ्यासमोर आहे साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, २१.१ किलोमीटर. २०१२ पासून होणारी ही स्पर्धा यवतेश्वरच्या घाटातून कासच्या दिशेने चढते आणि त्याच रस्त्याने शहरात उतरते. ललिता बाबर याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या. आधी मुंबई मॅरेथॉन गाजवली आणि मग २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहाव्या आल्या. लांब पळण्याचा पाया किती कामाला येतो, हे मला त्यांच्याकडे बघून पटतं.

घाटाच्या चढाची मला भीती नाही, चढ बोलत बोलत चढता येतो. उतरणीला मांड्या भाजतात. म्हणून सध्या टेकडीवरून खाली येताना टाच आपटू न देता, गुडघे किंचित वाकवून उतरायचा सराव चाललाय. काका यंदा साताऱ्याला येणार आहेत. त्यांनीही नाव नोंदवायचं ठरवलंय.