आई आणि पिल्लं

रत्नागिरीकडचे एक बागायतदार काका श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन आमच्या कीटकशास्त्र विभागात आले. झाकणाला भोकं पाडलेली, आतून भणभण. "मॅडम, आंब्याला भिरूड लागलंय. ही त्याची आई आणि ही पिल्लं. एकदम सगळ्या बागेवर काय फवारू, तेवढं सांगा."

भिरूड म्हणजे खोड पोखरणारी कीड. पण काकांची 'आई' निघाली काळाकुळकुळीत, निळसर पंखांचा सुतार भुंगा. ही खरं तर मधमाशीच्याच कुळातली. कुठे सापडली विचारलं, तर म्हणाले, पॅशन फ्रूटच्या मांडवाच्या बांबूत. तो बांबू गाडीतच होता, तो उभा चिरला. आत ओळीने खोल्या, मध्ये भुशाचे पडदे आणि प्रत्येक खोलीत परागाचा पिवळा गोळा. तिची पिल्लं तो गोळा खातात. लाकूड फक्त घरासाठी कोरायचं, तेही वाळकं. जिवंत आंब्याच्या वाटेला ती जात नाही.

डब्यातली 'पिल्लं', म्हणजे पांढऱ्या अळ्या, भिंगाखाली घेतल्या तर त्याही एका जातीच्या निघाल्या नाहीत. एक सरळ, जाड आणि बिनपायाची. आंब्याच्या खोडातून काढलेली ही खरी भिरुडाची अळी. बाकीच्या आकड्यासारख्या वळलेल्या, डोक्यामागे सहा पाय. त्या कुजक्या माडाच्या ओंडक्यातल्या, म्हणजे गेंड्या भुंग्याच्या. त्या कुजकं खातात, आंब्याला त्यांचा उपद्रव नाही. मात्र मोठेपणी तोच भुंगा माडाचा कोंब पोखरतो आणि नवी झावळी कात्रीने कापल्यासारखी उलगडते.

काकांना फवारणीचा मोह सुटत नव्हता. हा मोह मी रोज बघते! पण खोडात खोल बसलेल्या अळीपर्यंत वरची फवारणी पोचणार कशी? ताजा भुसा पडतोय ते भोक शोधायचं, तारेच्या आकड्याने अळी ओढून काढायची, औषधाचा बोळा आत सारून वरून चिखलाने लिंपायचं. गेंड्या भुंग्यासाठी कुजका ओंडका हलवायचा आणि शेणखताच्या खड्ड्यात त्याच्या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी टाकायची.

"आणि ही बाई?" काकांनी डब्याकडे बोट दाखवलं. पॅशन फ्रूटच्या फुलाला अशाच धिप्पाड माशीची पाठ लागते, तेव्हाच पराग नीट पोचतात, हे सांगितल्यावर ते जरा नरमले. "पण बांबू पोकळ झाले तर मांडव बसेल त्याचं काय?" हा मुद्दा बिनतोड होता. म्हणून वजन पेलणारे खांब नवे घालायचे आणि जुने, भोकं पडलेले बांबू मांडवाशेजारी कुंपणाला आडवे बांधायचे ठरलं.