दोन मिलीमीटर

रिकामा तलाव म्हणजे काँक्रीटची होडी, हे मी साइटवर इतक्यांदा बोललो होतो की मुकादम माझी नक्कल करायचा. तरी त्या अमावास्येला पोहण्याचा नवा तलाव रिकामाच होता, आणि तो रिकामा ठेवायच्या कागदावर सही माझी होती.

टाइल लावून झाल्या की लगेच पाणी सोडायचं असं ठरलं होतं. ५० बाय २५ मीटर, दोन मीटर खोल, म्हणजे २५ लाख लिटर. बेटावर एवढं गोडं पाणी जमवणं हीच एक मोहीम असते. पाणी जमलंही होतं. तेवढ्यात वरून निरोप आला की पाहुण्यांना उद्घाटनाआधी तळावर उतरून फोटो काढायचाय, चार दिवस थांबा. भरतीचं कोष्टक माझ्या टेबलावरच होतं. ‘पंप आहेत ना?’ असं विचारलं गेलं. पंप होते. सही केली.

बाहेरच्यांना वाटतं तलावाची भीती आतल्या पाण्याची. खरी भीती खालच्या पाण्याची. आमचा तळ ४० सेंटीमीटर जाड. त्याचं वजन चौरस मीटरमागे सुमारे ९६० किलो. जमिनीतलं खारं पाणी तळाच्या बुडापासून ९४ सेंटीमीटर वर चढलं की हिशेब फिटला, पुढे तळ उचलायला लागतो. म्हणून भोवती बोअर मारून पंप अखंड चालवायचे, आणि तळात झडपा बसवायच्या, म्हणजे दाब वाढला की पाणी आपणहून आत येतं.

रात्री साडेअकराला दोनपैकी एक पंप बंद पडला. तोपर्यंत समुद्राची भरती उतरायला लागली होती. किनाऱ्यावर बॅटरी मारून आलेला पोरगा म्हणाला, ‘साहेब, पाणी मागं गेलं, वाचलो.’ मी जमिनीतलं पाणी मोजायच्या पाइपात टेप सोडली. पाणी चढत होतं. वाळूतून झिरपत येणारी भरती उशिरा पोचते, आमच्या जागेवर जवळजवळ दीड तास उशिरा. समुद्राकडे बघून निर्धास्त झालेले सगळे लोक दीड तास जुनी बातमी वाचत होते. ही दीड तासाची गोष्ट मी तीन महिने रोज पाइप मोजून वहीत लिहून काढली होती. इतर कुठल्या कामाचा मला एवढा अभिमान नाही, आणि त्या रात्री तिचा उपयोग फक्त घाबरायला झाला.

झडपा उघडायला हव्या होत्या, उघडल्या नाहीत. तळावर उतरलो तर झडपाच दिसेनात. टाइलवाल्यांनी त्यांच्यावर टाइल चिकटवल्या होत्या, रेघ सलग दिसावी म्हणून! काम इतकं सुबक की सांधा सापडेना. मी नकाशा धरून पावलं मोजली आणि मुकादमाला घण मारायला सांगितलं. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. नव्याकोऱ्या टाइलवर घण मारणं मिस्त्रीच्या हाताला जमत नाही. पहिली झडप फुटली तसं गढूळ पाणी कमरेइतकं उडालं. एकूण सहा फोडल्या. चालू पंपाचं पाणी गटारात जात होतं, तोच पाइप उचलून तलावात वळवला. तासाला जेमतेम दहा-बारा सेंटीमीटर, पण प्रत्येक सेंटीमीटर म्हणजे साडेबारा टन.

पहाटेपर्यंत तळ शांत झाला. पण समुद्राकडचा शेवटचा तुकडा त्याआधीच उचलला गेला होता. सकाळी लेव्हल घेतली तर बाहेरची कड २४ मिलीमीटर वर. खाली वाळू सरकली की असा तुकडा पुन्हा बसत नाही. टोकाची भिंत त्याच्याबरोबर आत झुकली, वरच्या अंगाला चार मिलीमीटर.

मी भिंतीपासून भिंतीपर्यंत ५०.०२२ मीटर बांधला होता. दोन्ही टोकांना वेळ नोंदवणारी स्पर्शपॅनलं बसतात, एकेक सेंटीमीटर जाड, त्यासाठी २० मिलीमीटर सोडायचे असतात. आता भरत होतं ५०.०१८. पॅनलं लावली की ४९.९९८. नियमात लांबी थोडी जास्त चालते, कमी अजिबात नाही. तलाव दोन मिलीमीटरने आखूड.

‘दोन मिलीमीटरनं काय होतं?’ असं ज्यांनी विचारलं त्यांनीच फोटोसाठी तलाव रिकामा ठेवायला लावला होता, म्हणून मला राग आला. पण हिशेब केला तर ते बरोबर निघतात. सेकंदाला दोन मीटर वेगाने पोहणाऱ्याला दोन मिलीमीटर म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकला ४०० मीटर मिडलेचं (चारही प्रकारांनी पोहायच्या शर्यतीचं) सुवर्ण लार्सनने मॅकीपेक्षा ०.००२ सेकंदांनी घेतलं, आणि त्यानंतर हजारावा भाग मोजणंच बंद झालं. घड्याळाला जे दिसत नाही ते टेपला चालत नाही. ही गाठ मला अजून सोडवता आलेली नाही.

प्रशिक्षकांना सांगायला गेलो तेव्हा ते पोरांना कोरड्या जमिनीवर कोलांट्या शिकवत होते. समुद्रात पोहलेल्या पोरांचा दम अफाट असतो, पण भिंतीपाशी कोलांटी घेऊन वळता येत नाही; १५०० मीटरला २९ वळणं असतात. मोसाम्बानी हे नाव त्यांच्या तोंडी नेहमी असायचं. इक्वेटोरियल गिनीची तेव्हाची राजधानी बायोको बेटावर, तिथे हॉटेलातल्या छोट्या तलावात तो शिकला आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकला १०० मीटर १:५२.७२ मध्ये कसाबसा पार केला. मी आकडे वाचून दाखवले. त्यांनी विचारलं, ‘पॅनल एकाच टोकाला लावलं तर?’

५०.००८. नियमात बसतं. एवढं साधं उत्तर मला रात्रभर सुचलं नव्हतं. शंभर मीटर आणि पुढच्या शर्यती जिथे सुरू होतात तिथेच संपतात, त्यामुळे शेवटची वेळ यंत्र घेतं. पलीकडच्या भिंतीवर कोणीतरी हातघड्याळ घेऊन उभं राहतं.

उद्घाटन तीन आठवडे लांबलं. फोटो पाणी भरलेल्या तलावासमोर निघाला. सहा झडपांवर आता जाळ्या आहेत, रेघ तिथे तुटते. टाइलवाल्याने बिल पूर्ण लावलं आणि मी त्यावरही सही केली, कारण मोजमापाच्या वहीत ‘झडपांची तोंडं उघडी ठेवावीत’ असं मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. तोंडी सांगितलं होतं, असं मला वाटतं. मुकादम म्हणतो, नव्हतं.