सोसायटीचा कर्जफलक

देवगड तालुक्यातल्या आमच्या विकास सोसायटीत कर्जाच्या टेबलामागे एक फलक आहे. संचालक झाल्यावर तो नीट करायचं काम मी मागून घेतलं. कागदावर कागद टाचलेले, आणि सगळ्यांच्या वर कर्जमाफीचे. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, तिच्या बाजूला २०१९ ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती. पिवळ्या पडलेल्या त्या कागदांकडे बोट दाखवून माणसं सांगत, "भरून काय करूचा? माफी येतली."

ते कागद आधी काढून फाइलला लावले. सोसायटीचं दप्तर सांभाळणारे गटसचिव कुरकुरले, पण त्या जागी जो कागद आला तो त्यांनीच ठळक अक्षरात लिहिला: तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राच्या आणि राज्याच्या सवलती मिळून व्याज शून्य. मुदत टळली की शून्य विसरा.

बाकीचे कागद तारखेप्रमाणे लावावेत असं संचालक मंडळाचं म्हणणं होतं. मला ते पटेना. कर्ज मागायला आलेला माणूस परिपत्रकाची तारीख शोधत नाही, आपलं कुठे अडलंय ते शोधतो. म्हणून काही दिवस टेबलापाशी बसून नुसतं ऐकलं. सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेउतारा, बहुतेक जण आणतात. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मोबाइलवर निघतो. ई-करार, म्हणजे कर्जाचा ऑनलाइन करार, करून सातबाऱ्याच्या इतर हक्कात कर्जाचा बोजा चढतो, तेही लोकांना ठाऊक असतं. घोडं अडतं ते सामाईक खात्यावर. आंब्याची कलमं एक भाऊ राखतो आणि सातबारावर नावं आजोबांच्या सगळ्या वारसांची: कोणी परळला, कोणी नालासोपाऱ्याला, एखादी आत्या लग्न होऊन बडोद्याला. सगळ्यांची संमती हवी, आणि हे कळतं कधी, तर मोहोराच्या तोंडावर, फवारणीला पैसे लागतात तेव्हा. तोवर चाकरमानी केव्हाच परत गेलेले.

त्यामुळे संमतीपत्राचा नमुना आता श्रावणातच फलकाच्या मधोमध चढतो. गणपतीला सगळे भाऊबंद एका घरात असतात, सह्या तेव्हाच घ्यायच्या. विसर्जनानंतर तो बाजूला सरकतो आणि शिमग्याला पुन्हा मध्ये येतो. मार्चच्या आसपास वसुलीचा कागद वर. मच्छीमारांच्या किसान क्रेडिट कार्डाची माहिती मात्र बारमाही एका कोपऱ्यात ठेवली आहे. बंदराकडची मंडळी येतात ती थेट तिकडेच बघतात.

एक नियम मी हट्टाने लावून घेतला. जो कागद टाचेल, त्याने कोपऱ्यात तो कधी काढायचा तेही लिहायचं. जिल्ह्याच्या परिपत्रकावर आपण तारीख घालणं गटसचिवांना अजून मानवत नाही. ते पेन्सिलीने लिहितात.