पैसे जमा झालेले, पण घरात एक रुपया नाही

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात मी ग्राम रोजगार सेवक आहे, म्हणजे रोजगार हमीच्या कामाची मागणी लिहून घ्यायची, मस्टर म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक काढायचं, साईटवर दिवसातून दोनदा मोबाईलवर मजुरांचे फोटो टाकायचे, आणि पेमेंट अडकलं की सगळ्यात आधी बोलणी पण मीच खायची.

2024 चा डिसेंबर. आमच्याकडे भातकापणी, दिवाळी उरकली की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांचे टेम्पो पाड्यावर यायला लागतात. त्या दिवशी सकाळीच एक वहिनी आली, कडेवर दोन वर्षांचं पोर, म्हणाली, भाऊ चार हप्ते बांधावर माती टाकली, पैसे कुठंयत, उद्या टेम्पो येतोय, माझ्या मालकाने, म्हणजे नवऱ्याने, भट्टीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन ठेवलीय. मी लॉगिन करून बघितलं तर सगळं क्रेडिटेड! तेव्हा रोज 297 रुपये होता, चार आठवड्यांचे सात हजारांच्या वर होतात. बँकेत पासबुक भरून आणलं तर त्यात काहीच नाही.

आता आधारवरून पेमेंट होतं ना, त्यात पैसे जॉबकार्डावर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही, आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं गेलं तिथे जातात. मी तिच्यासमोरच *99*99*1# लावला, आधार नंबर टाकला, तर भलत्याच बँकेचं नाव आलं. तिला विचारलं, तर आठवडी बाजारात कुणीतरी फुकट सिम देतो म्हणून अंगठा घेतला होता. सिम मिळालं आणि सोबत खातंही उघडलं, तिला पत्ताच नाही. सरकारच्या हिशेबात मजुरी वेळेत मिळाली, इकडे ही बाई दुकानदाराकडे उधारीवर तांदूळ-तेल आणतेय.

मग अंगठा लावून पैसे काढायच्या दुकानात गेलो. मातीकामाने बोटं इतकी झिजलेली की मशीन घेईचना. साबणाने हात धुतले, पदराला पुसले, एकेक बोट लावून बघितलं, दोनदा रेंज गेली, शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटावर मशीन वाजलं. तिने नोटा स्वतः दोनदा मोजल्या आणि आधी दुकानदाराची उधारी फेडली.

मला हे इतकं लागतं कारण ते कुटुंब भट्टीवर गेलं असतं तर फक्त गाव सुटलं नसतं. सहावीतल्या मुलीची शाळा सुटली असती, शाळेतलं जेवण गेलं असतं, छोट्याची अंगणवाडीतली अंडी गेली असती, सरकारने गावात त्यांच्यासाठी लावलेला बाकीचा पैसा पण वाया. एक मजुरी घरात पोचली नाही की मागची चार कामं कोसळतात, हे वर बसून पेमेंटचे टक्के बघणाऱ्यांना दिसत नाही हो. 1972 च्या दुष्काळातून वर आलेली ही रोजगार हमी, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पाग्यांनी मांडलेली, 1977 ला आपल्या राज्याने तिचा कायदा केला, शहरातल्या पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर मुळात हिच्यासाठीच लावला होता. शहरातल्या माणसाचे ते दोनशे रुपये आमच्या पाड्यावरच्या चुलीपर्यंत यावेत म्हणून.

संध्याकाळी तिचा मालक मुकादमाशी बोलला. उचल पूर्ण परत करता आली नाही, त्यामुळे तो एकटा गेला, पण ती आणि पोरं पाड्यावरच राहिली. तिला मी लगेच पुढच्या मस्टरला घेतलं आणि तिचं आधार जुन्या खात्याला परत जोडून दिलं. त्या आठवड्यात बाकीच्या बायकांचंही चेक केलं तर आणखी चौघींचे पैसे असेच भलत्या खात्यात पडून होते.

तुमच्या ओळखीत कुणाची मजुरी, पेन्शन, लाडकी बहीण काहीही अडकलं असेल तर बँकेत भांडायच्या आधी वरचा नंबर लावून बघा, साध्या फोनवरूनही लागतो.