सँडहिल्समधली डागणी

शनिवार, रात्री उशिरा

वासरांना फारसं दुखत नाही असं आज मला तीन-चार जणांनी स्वतःहून येऊन सांगितलं. दुखतं. तापलेलं लोखंड मांडीला टेकलं की वासरू कळवळून ओरडतं, जीभ बाहेर येते, डोळे फिरतात, आणि हे मी हातभर अंतरावरून बघितलंय कारण लसीची पिचकारी माझ्याकडे होती आणि माझी जागा त्याच्या मानेपाशी.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाच्या काकांचं इथे रँच आहे, मे महिन्यात वासरांच्या अंगावर मालकीचं चिन्ह डागायचं असतं तेव्हा माणसं कमी पडतात, म्हणून आम्हालाही या म्हणाले. लिंकनहून पाच तास गाडी, आणि शेवटचे दोन तास नुसत्या गवताच्या टेकड्या, त्याच सँडहिल्स. खाली सगळी वाळू आहे म्हणे, वरचं गवत तेवढं तिला धरून बसलंय, त्यामुळे नांगर कोणी घालत नाही आणि गुरं हाच धंदा. एका गाय-वासराला वर्षाला पंधरा-वीस एकर चराई लागते. आमच्या अण्णांची सगळी मिळून जमीन तीन एकर, त्यात ऊस, विहीर आणि खिलारांची जोडी. मी नवऱ्याला म्हणलं, आपण एका गायीपुरतेसुद्धा जमीनदार नाही.

पहाटे घोडे आणि चारचाकी बाइक घेऊन गाया हाकून आणल्या, वासरं वेगळी काढली आणि मग सगळे गप्पा मारत उभे. मला कळेना काम कशासाठी अडलंय. तर दव! वासराचं अंग ओलं असेल तर डाग फिसकटतो, चिन्ह नीट उमटत नाही, म्हणून ऊन चढून केस वाळेपर्यंत थांबायचं. तोवर कॉफी, आणि कुंपणापलीकडे गायांचा जो काय हंबरडा चालू होता तो ऐकत बसायचं. सगळ्या काळ्याकुट्ट, अँगस जातीच्या. मला अजूनही पांढरी शिंगवाली गाय दिसली नाही तर ती गाय वाटत नाही.

मग घोड्यावरचा माणूस फास टाकून वासराचे मागचे पाय पकडतो आणि ओढत आणतो, खाली दोघं तयार असतात, एक मानेवर गुडघा देऊन पुढचा पाय मुडपून धरतो, दुसरा मागे जमिनीवर बसून मागचा पाय ताणून धरतो. बाजूला गॅसच्या बर्नरवर डागण्या तापत असतात. मला वाटलेलं लालभडक करत असतील, पण काका म्हणाले लाल झाली तर केस पेट घेतात, राखेच्या रंगाची झाली की घ्यायची. तीन ते पाच सेकंद दाबायची, किंचित हलवायची, की पिवळट धूर निघतो. तो वास अजून माझ्या केसांत आहे, दोनदा शाम्पू लावूनही. डागणी उचलली की खाली जुन्या चपलेच्या कातड्यासारखा तांबूस रंग दिसला पाहिजे. फार काळा झाला तर जास्त भाजलं.

तेवढ्यात मी मानेची कातडी चिमटीत उचलून लस टोचायची आणि खडूने रेघ मारायची, म्हणजे एकाच वासराला दोनदा टोचलं जात नाही. बाटलीवर वाचलं तर त्यात आपल्याकडच्या फऱ्या रोगाचीही लस होती! लहानपणी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर पावसाळ्याआधी गावात यायचे ते याचसाठी. गोऱ्हे असतील तर तिथेच ब्लेडने बडवूनही (खच्ची करूनही) टाकतात. आमच्याकडे चिमटा लावायचे, अण्णा तेव्हा मला घरात पाठवायचे. इथे आठ-दहा वर्षांची पोरं काढलेले वृषण टाकायला बादली धरून उभी. सगळं मिळून एका वासराचं मिनिटभरात उरकतं, ते उठतं, दोन झटके देतं आणि पळतं.

हे अजून का करतात, कानात बिल्ला मारून भागत नाही का, हे मी जेवताना विचारलंच. आपल्याकडे आता गुरांना बारा आकडी नंबरचा पिवळा बिल्ला असतोच ना. काका म्हणाले बिल्ला तारेत अडकून तुटतो, नाहीतर कोणीतरी कापतो, डाग कापता येत नाही. नेब्रास्काच्या पश्चिमेकडच्या दोन तृतीयांश भागात गुरं विकायची किंवा भागाबाहेर न्यायची तर इन्स्पेक्टर येऊन डाग तपासतो, १९४१ पासून त्यासाठी राज्याची कमिटी आहे. चिन्ह रजिस्टर करावं लागतं, कुठल्या बाजूला, मांडीवर की बरगडीवर, हेही त्यात आलं. ते विकता येतं, मुलांच्या नावावर करता येतं, म्हणजे थोडक्यात सातबाराच, फक्त गायीच्या अंगावर लिहिलेला. एवढ्या मोकळ्या रानात शेजाऱ्याच्या गुरांत मिसळलेली आपली गाय ओळखायची तर दुसरं काय करणार, हे मला पटलं. दुखणं कमी करायला आधी काही औषध द्यायला काय हरकत आहे, हे मी विचारलं तेव्हा मात्र विषय पटकन हवामानाकडे गेला. वेदनाशामकं मिळतात, खर्च आणि वेळ जातो एवढंच. द्रवरूप नायट्रोजनने डागणी थंड करून डागायची पद्धतही १९६६ पासून आहे, त्यात केस पांढरे उगवतात, काळ्या गायीवर तर झकास दिसेल. पण त्यात एकेका जनावराला बराच जास्त वेळ धरून ठेवावं लागतं.

मला खरं भारी वाटलं ते वेगळंच. आलेल्या तीसेक माणसांत पगारी एकही नव्हता. सगळे आजूबाजूच्या, म्हणजे वीस-तीस मैलांवरच्या रँचचे. आज यांच्याकडे, पुढच्या शनिवारी दुसऱ्याकडे, आणि ज्याच्याकडे काम त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. अण्णांच्या तोंडून इर्जिकीच्या, म्हणजे एकमेकांच्या शेतात बिनपैशाने राबायच्या, गोष्टी ऐकल्यात, पण गावात मी एकही बघितली नाही, आता ट्रॅक्टरवाला तासावर पैसे घेतो. आणि इथे एकेकाकडे लाख-लाख डॉलरची यंत्रं असूनही शेजाऱ्याच्या वासराचा पाय धरायला लोक पहाटे चारला उठून येतात.

जेवणात बीफच, शिवाय त्या बादलीतला माल तळून. काकूंनी न विचारता माझ्यासाठी बीन्स, बटाटे आणि पाय (pie) बाजूला काढून ठेवला होता. पुढच्या शनिवारी शेजारच्यांकडे येशील का म्हणाल्या. येईन म्हणलं, पण पिचकारीवरच ठेवा, डागणी माझ्या हातात देऊ नका. त्या हसल्या आणि म्हणाल्या, डागणी मागायची असते, कोणी देत नाही, माझा जावई सहा वर्षं वाट बघतोय.